मदत हवी आहे: ग्रामसभेत चर्चाच न झालेला ठराव इतिवृत्तात आलाय

सुरंगी
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव देवगड तालुक्यात, अगदी किनाऱ्याला. नाव मुद्दाम देत नाही, वाडीतले दोघेतिघे तरी इथे वाचत असतात. लग्नानंतर बावीस वर्षं डोंबिवलीत काढली आणि तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं गावी राहायला आलो. सासरचे गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजाचे. सासऱ्यांचा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यात, वाटा आहे. सुरूच्या बनाखाली किनाऱ्याला लागून दहाबारा गुंठे मोकळी जागा आहे. पावसाळ्यात होड्या तिथे वर ओढून झापांनी झाकून ठेवतात. एरवी तिथेच जाळी सुकतात, शिवली जातात, बायका बांगडे वाळत घालतात. ती जागा कुणाच्या नावावर आहे असं माझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात कुणाला विचारलेलं नाही.

15 ऑगस्टला ग्रामसभा होती. पाऊस मुसळधार, झेंडावंदनानंतर साठेक माणसं उरली, म्हणून गणपूर्तीअभावी तहकूब झाली. पुन्हा 22 तारखेला बोलावली, तिला मी होते. दारातच हजेरीच्या वहीवर सही घेतली. नळाच्या पाण्यावरून दीड तास भांडण, मग घरकुलाची यादी, मग चहा. सभा संपली म्हणून सगळे उठलो.

गणपती गेल्यावर बघते तर त्या जागेत जेसीबी फिरलेला, चिऱ्यांचे दोन ढीग पडलेले. सरपंचांना विचारलं तर हसून म्हणाले, ''वयनी, ठराव झालो मा? तुमची सय आसा वहीत.'' ठराव असा म्हणे की सदर जागा वाहनतळ आणि स्टॉलसाठी ठेक्याने द्यायची. इतिवृत्तात तो 'ऐनवेळचे विषय' या सदरात घातलाय. त्या सभेत वाहनतळ हा शब्दसुद्धा कुणी काढला नव्हता.

सही केली म्हणजे माझी संमती धरतात का? असा ठराव रद्द होतो का, आणि कुठे जायचं? पुढची ग्रामसभा 2 ऑक्टोबरला आहे. त्यानंतर होड्या पाण्यात जातील, मग भांडायला पुरुषमाणूस कोण मिळणार नाही.

खाडीपल्याड
ताई, आधी एक सांगा. तुमचं नाव गावच्या मतदार यादीत आहे का? नसेल तर ''तुम्ही ग्रामसभेच्या सदस्यच नाही'' एवढं एक वाक्य बोलून तुम्हाला खाली बसवतील. आमच्याकडे मुंबईकरांना असंच बसवतात.

सुरंगी
आहे. आल्या आल्या पहिलं तेच काम केलं.

खर्डेघाशा
तीस वर्षं पंचायत समितीत फायली हलवल्यात, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

हजेरीच्या वहीतली सही म्हणजे तुम्ही सभेला होता, एवढाच पुरावा. ती कुठल्या ठरावाला संमती होत नाही. हा समज मात्र गावोगाव आहे, आणि तो सोयीचा असल्याने कुणी खोडत नाही.

गणपूर्तीचा नियम असा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तो. साठ माणसांवर सभा तहकूब केली हे बरोबरच. तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून पहिल्या सभेला कुणी फारसं बोलावतही नाही. पण तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घ्यायचे असतात. 22 तारखेला 'ऐनवेळचा विषय' म्हणून जमिनीचा ठराव आला असेल तर तुमचा पहिला मुद्दा तोच. त्यासाठी 15 तारखेच्या सभेची नोटीस आणि विषयपत्रिका हातात हवी.

माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. पण उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, तोवर 2 ऑक्टोबर उलटून जाईल. म्हणून त्याआधी ग्रामसेवकांकडे साध्या अर्जाने नोटीस, हजेरीपत्रक आणि प्रोसिडिंगची, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीची, नक्कल मागा. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय!) प्रोसिडिंगमध्ये सूचक आणि अनुमोदक कोण लिहिलेत ते आवर्जून बघा. माणसं घाईत सगळ्यात जास्त तिथेच चुकतात.

आणि 2 ऑक्टोबरला पहिलाच विषय असेल 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. सहसा तेव्हा सगळे गप्पा मारत असतात. तिथेच उभं राहायचं. हरकत तोंडी घ्याच, पण त्याआधी लेखी दिलेली असू दे आणि तिची पोच तुमच्या हातात असू दे.

घाटावरचा
राग नको, पण दुसरी बाजूही बघा. डिसेंबरात आम्ही त्याच पट्ट्यात आलो होतो. गावातल्या बोळातून समोरासमोर दोन गाड्या आल्या आणि पाऊण तास अडकलो. वाहनतळ नको तर गाड्या लावायच्या कुठे? सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे, पोरांना कामं मिळतायत, मग विरोध कशाला?

सुरंगी
राग नाही हो. माझ्या दिरांचीच दोन खोल्यांची निवास-न्याहारी आहे आणि ते ठरावाच्या बाजूने आहेत. दोन दिवस घरात अबोला आहे, भाकऱ्या मात्र मीच थापतेय. वाहनतळाला माझा विरोध नाही. शाळेच्या मागे पडीक मळा आहे, तिथे करा, चार पावलं चालतील पाहुणे. पण रापण ओढायला चाळीसपन्नास माणसं लागतात, दोर पसरायला किनारा लागतो. ती काय शाळेमागे ओढायची?

खाडीपल्याड
खर्डेघाशा यांनी सभेचं सांगितलं, मी जमिनीचं सांगतो. ग्रामपंचायत जी जागा ठेक्याने देतेय ती तिची आहे का? ऑनलाईन सातबारा काढा, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. भोगवटादार 'महाराष्ट्र शासन' निघाले तर ठेका देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आला कुठून, हा प्रश्न तहसीलदारांकडे लेखी न्या. सुरूचं बन आहे म्हणताय तर वनविभागाची नोंद आहे का तेही बघा. भरतीरेषेच्या खालची जमीन तर महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे शासनाचीच.

दुसरं म्हणजे सीआरझेड, किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणारी केंद्राची अधिसूचना. अशा कमी वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र. चिऱ्याचं पक्कं काम तिथे नुसत्या ग्रामपंचायतीच्या ठरावावर होत नाही, सागरी किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावं लागतं. उलट जाळी सुकवणं, मासळी वाळवणं याला त्याच अधिसूचनेत मुभा आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमारांच्या सामाईक जागा दाखवायच्या असतात. तुमची जागा नकाशावर आहे का बघा. नसेल तर ती नोंदवून घेणं हे या भांडणापेक्षा मोठं काम, कारण उद्या दुसरा सरपंच येईल.

तांबडीमाती
आमच्या गावात असाच ठराव झाला होता आणि आम्ही थेट पेपरात बातमी दिली. परिणाम: सगळा गाव दोन तटात, पुढे तीन वर्षं पालखी एका वाडीत थांबली नाही. आधी कागद करा, पेपर शेवटी. आणि एकट्या जाऊ नका, रापणकरांच्या बायकांना घेऊन जा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती घ्या म्हणून मागणी करा आणि हा विषय तिथे मांडा.

सुरंगी
काय झालं ते सांगते.

आमच्या ग्रामसेवकांकडे तीन गावांचा भार, मंगळवार आणि शुक्रवार एवढेच आमचे. मंगळवारी गेलो, मी आणि वाडीतल्या सहाजणी. नक्कल आठ दिवसांनी देतो म्हणाले, पण प्रोसिडिंग बघायला दिलं. घरकुलाच्या ठरावापर्यंत निळी शाई, ऐसपैस अक्षर. त्याखाली काळ्या शाईत बारीक अक्षरात हा ठराव, सह्यांच्या रेघेपर्यंत कसाबसा कोंबलेला. शेवटची ओळ तर समासात चढलीय.

अनुमोदक म्हणून आमच्याच भावकीतल्या काकांचं नाव. 22 तारखेला ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईत होते! संध्याकाळी त्यांच्या पडवीत जाऊन विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''माका कोणी इचारल्यानच नाय.'' तसं लिहून द्याल का म्हटल्यावर मात्र सुपारी कातरत बसले. त्यांचा मुलगा त्या ठेक्यात आहे, हे मला घरी आल्यावर कळलं.

खर्डेघाशा
लिहून देणार नाहीत, त्यांना छळू नका. हजेरीपत्रकावर त्यांची सही नसणार, तेवढं पुरे. सभेला हजर नसलेला माणूस अनुमोदन कसं देतो, हा एकच प्रश्न हरकतीत विचारा. शाईचं काही लिहू नका, त्यावर वर्षभर वाद चालेल. अर्ज एका पानाचा, प्रती गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि तहसीलदारांना. चिऱ्यांचे फोटो तारखेसह जोडा.

सुरंगी
दिला. बत्तीस सह्या झाल्या, त्यात एकोणीस बायकांच्या. सासऱ्यांनी अंगठा दिला. सही येते त्यांना, पण म्हणाले सहीचा काय करतत तां बघलंय. सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' आहे. महिला सभेची तारीख अजून लावलेली नाही, शुक्रवारी पुन्हा जाणार आहोत. दीर जेवताना म्हणाले, शाळेमागच्या मळ्याचा मालक ठाण्याला असतो, नंबर आहे माझ्याकडे.

पोच मिळाली. शिक्का उलटा मारलाय, पण आवक क्रमांक वाचता येतो.