खुडूक कोंबडी आणि तिची पिलावळ : तुमचे अनुभव लिहा

अंगणवाली
शेजारच्यांच्या कुंपणाआड सकाळपासून एक कोंबडी घशातल्या घशात "क्लक... क्लक..." करतेय. ऐकलं आणि आजीची ठिपकेवाली आठवली. ही बया खुराड्यात अंडी घालायचीच नाही. एकदा दिसेनाशीच झाली. मुंगसाने नेली असं धरून आम्ही मोकळे झालो. आणि एक दिवस सरपणाच्या ढिगाखालून पिसं फुलवून बाईसाहेब बाहेर, मागे पिल्लांची रांग! आजीला आश्चर्य नव्हतं, राग होता. एवढी अंडी हिने लपवली म्हणून.

खुडूक, म्हणजे रवणावर (अंडी उबवायला) बसलेली कोंबडी दिवसातून बहुधा एकदाच उठते, तेही पाव-अर्धा तास. दाणे, पाणी, धुळीत लोळण, एक भलीमोठी वासमारी शीट, की परत आत. तेवढ्यात कुणाच्या नजरेस पडली नाही तर २१ दिवस पत्ता लागत नाही.

मोकळ्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी लिहा. बसवलेल्या, उठवलेल्या, जगलेली पिल्लं, गेलेली पिल्लं, सगळं चालेल. बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवली नि पिल्लं पाण्यात उतरल्यावर ती काठावर नाचली, ही गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे. नको.

घाईत_आहे
अरे देवा, मी तीच लिहिणार होते 😀
आमची धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत बसली. टोपली तिला देऊन टाकली. बाकी नंतर लिहिते, दूध उतू जातंय.

डालगं
अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा, कळप मोकळा असेल तर नक्कीच. खुडूक बाई पाणी प्यायला उठली रे उठली की दुसरी येऊन त्याच घरट्यात अंडं टाकून जाते. मग काही अंडी वेळेवर फुटतात, काही आठवडाभर मागे. आई पहिली पिल्लं घेऊन चालती होते आणि मागची गार पडतात. खूण असली की बिनखुणेचं रोज उचलायचं. बेताच्या देशी कोंबडीला दहा-बारा पुरे, जास्त घातली की कडेच्यांना ऊब मिळत नाही.
सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर धरा. जीव धरला असेल तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधोमध काळा ठिपका. वांझ अंडं नुसतं पिवळं उजळतं.

रानमोगरी
आणि हात घालताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. ती नुसती टोचत नाही, चिमटा धरून पिळते!

पायवाट
सगळ्याच बसतात असं नाही. लेगहॉर्न या भरपूर अंडी देणाऱ्या जातीतून पिढ्यानपिढ्या निवड करून खुडूकपणा जवळजवळ काढूनच टाकलाय, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. कडकनाथचंही उबवण्याशी फारसं जमत नाही. म्हणून अंडी कडकनाथची, आई अशील जातीची. अशीलला एकदा बसवलं की खुराड्याला आग लागली तरी उठणार नाही. काळी पिल्लं, तांबडी आई, येणारे-जाणारे विचारतात.

खारुताई
माझ्याकडे कोंबडाच नाही. तरी एक जण रिकाम्या घरट्यात बसून आहे. छातीची पिसं उपटून खाली अंथरलीत. खात नाही नीट, तुरा फिका पडलाय. काय करू? कुणी म्हणालं गार पाण्यात बुडव.

जुनेजाणते
पाण्यात बुडवू नका ताई, तिचे हाल होतात आणि भागेल याची खात्री नाही. जाळीच्या तळाचा पिंजरा घ्या, विटांवर उंच ठेवा, खालून वारा लागला पाहिजे. आत गवत-पेंढा काही नको, फक्त दाणापाणी. सावलीत ठेवा. पोटाला ऊब मिळाली नाही की तीन-चार दिवसांत बहुतेकींचं डोकं ताळ्यावर येतं. सोडल्यावर धावत घरट्याकडे गेली तर परत आत.
उठवायचीच नसेल तर दुसरा उपाय. एक दिवसाची पिल्लं आणा, रात्री अंधारात एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवा. आधी काही दिवस ती बसलेली हवी, कालच बसली असेल तर घाई नको. सकाळी उजाडताच जाऊन बघा. पिल्लांशी बोलत असेल तर जमलं, टोचत असेल तर लगेच काढा.

खारुताई
पिंजरा करते. पिल्लांचा विचार मोह पाडतोय पण 🙈

घाईत_आहे
आले. माझी आठवण म्हणजे विसाव्या दिवशी अंडं कानाला लावलेलं. आतून चिवचिव! आणि बाहेरून आई हळू क्लक करून उत्तर देत होती. मग कवचाला चीर पडली आणि तासन् तास काहीच नाही. मुलगी रडकुंडीला आली, सोलू दे म्हणून. धाकट्या जावेने दम भरला म्हणून राहिलं. चीर पडल्यावर पिल्लाला बाहेर यायला दिवससुद्धा लागतो, आतल्या शिरांमधलं रक्त आणि बलक पोटात ओढून व्हायचा असतो, तेव्हा सोललं तर रक्त जातं. चोचीच्या टोकावर पांढरा कण असतो ना, त्याने ते आतून टकटक करतं. नंतर तो गळून पडतो.
आणि त्या बलकावर ते दोन दिवस काढतं. म्हणून आई शेवटचं फुटेपर्यंत बसून राहू शकते.

रानमोगरी
अंगावर काटा आला.

तिसरा_कोंबडा
आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात मुंगूस शिरलं. आईसकट सगळी. खुराड्याची फळी खालून कुजलेली होती. नंतर काही पाळावंसं वाटलं नाही. वाचायला येतो फक्त.

अंगणवाली
अरेरे. वाईट वाटलं भाऊ.

डालगं
😔 आमचीही एक अशीच गेली होती.

पायवाट
उघड्यावर घारीचाच त्रास जास्त. पण आईचं ऐकलंय का कधी? वर घार दिसली की एक लांब, बारीक सूर, आणि पिल्लं जिथल्या तिथे गवतात गडप. कुत्रं-मांजर जमिनीवरून आलं की वेगळाच कलकलाट, तुटक आणि मोठा. मला वर न बघताही कळतं आता. झुडपं ठेवा अंगणात, सपाट साफ अंगण घारीच्या सोयीचं.

जुनेजाणते
मोकळी असली तरी लस चुकवू नका. मानमोडीने (राणीखेत रोगाने) कळपच्या कळप साफ होतो. पिल्लांना सातव्या दिवसाच्या आसपास त्याच रोगावरच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढचं वेळापत्रक पशुवैद्यांकडून घ्या. आणि खालचा भुसा कोरडा. ओलीत रक्ताची हगवण लागते, साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना जास्त. खुडूक कोंबडीला पिसवा-उवा लवकर होतात, लोळायला राख-माती जवळच ठेवा.

रानमोगरी
मला आश्चर्य वाटतं ते पुढचं. दीड-दोन महिने पंखाखाली घेणारी आई एके सकाळी त्याच पिल्लांना टोचून हाकलते. संपलं. आठवड्याभरात ही अंडी द्यायला मोकळी. पोरं बिचारी कुंपणाशी गोळा होऊन उभी. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "हिच्याकडून शिक जरा." मुलगा तिशीचा आहे माझा 😀

घाईत_आहे
😂😂 सासूबाईंना नमस्कार

तिसरा_कोंबडा
विषय सोडून विचारतो. भावाकडचा कोंबडा पहाटे अडीच-तीनला बांग देतो, शेजारी भांडायला येतात. डालून ठेवला तर थांबेल?

डालगं
कोंबडं झाकलं तरी... पुढचं तुम्हीच म्हणा.

पायवाट
म्हण अगदी खरी निघालीय. जपानच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की दिवसरात्र मंद उजेडात ठेवले तरी कोंबडे ठरल्या वेळी आरवतात, घड्याळ आतच असतं. आणि कळपात सगळ्यात वरचढ असेल तो आधी, बाकीचे त्याच्यामागे क्रमाने. उजेड-आवाजानेही अवेळी आरवतो. रस्त्यावरचा दिवा खुराड्यावर पडतो का बघा.

तिसरा_कोंबडा
दिवा आहे समोरच! गोणपाट लावायला सांगतो भावाला. त्याच्याकडे एक तलंग (तरणी कोंबडी) खुडूक बसलीय म्हणे, पिल्लं झाली तर दोन देतो म्हणाला.

जुनेजाणते
आधी फळी बदला. आणि दोन मागू नका, आईसकट मागा.