जपानी एन३ झालंय, पण करिअर कुंभारकामातच करायचंय. कुठून सुरुवात करू?

मलप्रभाकाठ:
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, पुण्यात जपानी शिकले, गेल्या डिसेंबरात एन३ (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) पास झाले. वर्गातली बहुतेक मुलं आयटीत ट्रान्सलेशनला लागली आणि घरचे पण तेच म्हणतात की तू पण कर, पगार चांगला असतोय. पण आमचं घर कुंभाराचं, लहानपणापासून बाबांच्या चाकाशेजारी बसून पणत्या केलेल्या, आणि संस्कृतीच्या तासाला बिझेनच्या, म्हणजे जपानातल्या कुंभारकामाच्या गावच्या, भांड्यांचे फोटो बघितले तेव्हापासून ते डोक्यातून जाईनाच झालंय. ग्लेज (काचेसारखा चकचकीत लेप) नाही, रंग नाही, नुसती माती आणि जाळ. तिकडे जाऊन शिकायचंय, पुढं त्यावरच पोट भरायचंय. विसा कुठला लागतो? कुणी असं केलंय का?

शहापूरकर:
छान विचार आहे बघ. पण विसाचं आधी नीट समजून घे, मी इथंच फसलो होतो. एखाद्या उस्तादाकडं राहून शिकायचं तर कल्चरल अ‍ॅक्टिव्हिटीजचा विसा असतो, पण त्यावर कमाई करता येत नाही, म्हणजे वर्षाचा खर्च हातात पाहिजे. आर्टिस्ट विसा वेगळा, त्याला आपल्या कलेवर पोट चालतंय हे दाखवावं लागतं, प्रदर्शनं, विक्री, सगळं. स्टुडंट विसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, तुझ्यासारखीला तोच रस्ता सोपा. क्योतोच्या सिटी युनिव्हर्सिटी ऑफ आर्ट्समध्ये सिरॅमिक्स आहे. मेक्स्ट, म्हणजे जपान सरकारच्या स्कॉलरशिपची नोटीस साधारण एप्रिल-मेमध्ये येते, लक्ष ठेव. आणि हो, शिकलीस पुण्यात तरी पत्ता कर्नाटकातला, म्हणजे आपला कौन्सुलेट बंगळुरूचा, मुंबईचा नव्हे, आपल्या सीमाभागातल्या पोरांचा इथं नेहमी घोळ होतो.

ओकायामावाला:
मी बिझेनजवळच राहतो, मूळचा निपाणीचा. तुला एक सांगतो, बिझेनची माती हियोसे म्हणतात ती भाताच्या शेताखालून काढतात, काळपट, चिकट. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला आपली खानापूरकडची भाताची खाचरंच आठवली. भट्टीला लाल पाइनचं लाकूड घालतात आणि जाळ दहा-बारा दिवस सलग, रात्रपाळीनं माणसं बसतात, राख उडून भांड्यावर बसते तोच रंग. आणि चाक इकडं घड्याळाच्या काट्यासारखं फिरवतात. बाबांचं कुठल्या बाजूनं फिरतं ते बघ, उलट असलं तर आत्तापासून दोन्ही हातांना सवय लाव. इकडचे उस्ताद तोंडानं फार सांगत नाहीत, पण जे सांगतात ते वेगात आणि बोलीत, त्यामुळं एन२, म्हणजे एन३ च्या वरच्या पायरीपर्यंत तरी ये.

माझं ऐकशील तर जपानी येणारी मुलगी म्हणून अर्ज करू नको, इकडं तशा पुष्कळ येतात. कुंभाराची मुलगी म्हणून कर. बाबांची माती, बाबांचा आवा, तुझे हात, यांचे फोटो लाव. शिगाराकी म्हणून कुंभारकामाचं दुसरं गाव आहे, तिथल्या सिरॅमिक पार्कमध्ये १९९२ पासून बाहेरच्या कलाकारांना राहून काम करता येतं, स्वतःच्या खर्चानं येणाऱ्यांना पण घेतात. दोन-तीन महिने तिथं काढ, मग उस्ताद शोध.

तिलारीची_वाट:
ताई, खानापुरातच खादी ग्रामोद्योगचं कुंभारकामाचं केंद्र आहे की, तिथं जाऊन भट्टी आणि ग्लेजचं शिकून घे आधी, पोर्टफोलिओला पण उपयोगी. आणि घरच्यांना एकदम जपान म्हणून सांगू नको, आधी एन२, मग तीन महिने, असं टप्प्याटप्प्यानं सांग.

मलप्रभाकाठ:
दादा, तुमचं वाचून बाबांना चाकाचं विचारलं तर ते उठून चाकच फिरवून दाखवायला बसले, आमचं उलटंच फिरतंय. मग मी म्हटलं मला दुसऱ्या बाजूनं करून बघू द्या, तर बोटं अजिबात ऐकेनात, तीन गोळे वाया गेले, चौथ्याला वाटी झाली, जरा तिरकी. उद्या परत बसणार आहे. एन२ चा फॉर्म जुलैचा भरते.