मदत हवी आहे: ऊसतोडीला गेलेल्यांची नावं मतदार यादीतून गेली, परत कशी घालायची?

सिंदफणाकाठ
वडवणी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, दिवाळीनंतर साखर कारखान्यावर जातात, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी येतात. यंदा त्यांतल्या १४ जणांची नावं यादीत सापडत नाहीत. मतदान कार्ड सगळ्यांकडं आहे. ‘कार्ड आहे म्हणजे मत देता येतंच’ असं काहीजण धरून बसलेत. मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) म्हणतो, कारखान्याच्या गावातच नावं घाला. दोन सुनांची नावं अजून माहेरी, परळी तालुक्यात आहेत. नेमकं काय करावं?

बालाघाट
कार्डानं फक्त ओळख पटते, मत यादीतल्या नावावर मिळतं. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, फोटोचं बँक पासबुक किंवा रोजगार हमीचं जॉबकार्ड चालतं. नुसत्या कार्डावर, यादीत नाव नसताना, केंद्रावरून परत यावं लागतं.

नावं खरंच गेलीत का ते आधी पाहा. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर नावानं शोधू नका; ज्ञानोबाचा ग्यानोबा झालेला असतो आणि माणूस हाती लागत नाही. कार्डावरचा क्रमांक टाका. तरी सापडलं नाही तर गावाच्या यादी भागाची (एका मतदान केंद्रापुरत्या यादीची) पीडीएफ उतरवा आणि शेवटची पुरवणी वाचा. वगळलेल्या नावापुढं कारणाचं इंग्रजी अक्षर असतं: ‘ई’ म्हणजे मयत, ‘एस’ म्हणजे स्थलांतरित, ‘आर’ म्हणजे दुबार, ‘एम’ म्हणजे आढळला नाही. पुढची वाट या अक्षरावर ठरते, म्हणून चौदाही जणांचं अक्षर लिहून घ्या.

सिंदफणाकाठ
पाहिलं. ११ जणांपुढं ‘एस’, दोघांपुढं ‘आर’. एकाचं नाव आहे, पण शेजारच्या भागात पडलंय.

मांजराथडी
‘एस’चं कारण उघड आहे. बीएलओ (केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी) पडताळणीला आले तेव्हा घराला कुलूप होतं. नोटीस जाते तीही त्याच पत्त्यावर, घ्यायला कुणी नसतं.

पण ऊसतोड म्हणजे स्थलांतर नव्हे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चं कलम २० साफ सांगतं: तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचा सर्वसाधारण रहिवास संपत नाही. कलम २२ प्रमाणे रहिवास संपला म्हणून नाव वगळण्याआधी म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. ही दोन्ही कलमं अर्जासोबतच्या पत्रात लिहा. मात्र त्याच कलम २० मध्ये हेही आहे की केवळ गावात घर आहे एवढ्यावर रहिवास ठरत नाही. म्हणून रेशनकार्ड आणि मुलांच्या शाळेचा दाखलाही जोडा.

वगळल्याचा आदेश होऊन १५ दिवस झाले नसतील तर जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करा. मुदत उलटली असेल तर नमुना ६, म्हणजे नाव नव्यानं घालायचा अर्ज, भरा. सोबत फोटो, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्यासाठी आधार, पासबुक किंवा सातबारा, आणि घरातल्या एखाद्या मतदाराचा कार्ड क्रमांक. पोच घेतल्याशिवाय अर्ज हातातून सोडू नका.

मुकादमाचं ऐकू नका. कारखाना दरवर्षी बदलतो, मग गावच्या ग्रामपंचायतीला मत द्यायचं कुठून? आणि दोन्हीकडं नाव ठेवणं कलम १७ ला धरून नाही. खोटं घोषणापत्र दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

बालाघाट
‘आर’वाल्या दोघांचं दुसरं नाव कुठं राहिलंय ते आधी शोधा. ते कारखान्याकडं निघालं तर नमुना ६ नको, नमुना ८ (पत्ता बदल किंवा दुरुस्तीचा अर्ज) भरून ते नाव गावी आणा. सुनांनाही नमुना ८ च, ‘निवासस्थान बदल’वर खूण करून. लग्नानंतरचं नाव त्याच अर्जात बदलायला जाऊ नका, एका अर्जात एकच पर्याय निवडता येतो. आधी पत्ता, तो मंजूर झाला की नावाच्या दुरुस्तीसाठी दुसरा नमुना ८. शेजारच्या भागात पडलेलं नाव तसंच ठेवलं तरी मत देता येतं, केंद्र तेवढं बघून ठेवा.

सिंदफणाकाठ
मुदत किती असते? आणि फडावरून, म्हणजे तोडीच्या शेतावरून, टपालानं मत देता येतं का?

मांजराथडी
उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता येत नाही. हरकतींसाठी ७ दिवस मधे जातात, म्हणून त्या तारखेच्या १० दिवस आधी अर्ज पोचलाच पाहिजे. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीला विधानसभेचीच यादी वापरतात, पण आधीच्या एका ठरावीक तारखेची. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ केली तर तिथं उपयोग होत नाही. पट्टा पडून माणसं गावी आली की त्याच आठवड्यात सगळ्यांचे अर्ज एकदम भरा.

टपाली मताची सोय ऊसतोड मजुरांना नाही, गावीच यावं लागतं. लोकसभा-विधानसभेला लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चं कलम १३५ ब पगारी सुट्टी देतं, रोजंदारीवाल्यालाही. तारीख जाहीर होताच मुकादमाला ते लेखी द्या. केंद्रावर आपल्या नावानं आधीच कुणी मत दिलेलं निघालं तर तसेच फिरू नका. ओळख पटवून केंद्राध्यक्षाकडं प्रदत्त मतपत्रिका मागा.

अर्जाचं काय झालं ते पोच क्रमांक टाकून पोर्टलवर कळतं, नाहीतर १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन लावा.