टेक्सास स्टेट गार्डमध्ये कुणी आहे का?

केटीकर:
मंडळी, नुकतंच नागरिकत्व मिळालं. पंचेचाळिशी उलटली, म्हणजे नॅशनल गार्डचा, त्या राखीव सैन्याचा, विषय संपला. ऑफिसातला एक जण स्टेट गार्डमध्ये ये म्हणून मागे लागलाय. बाबा साताऱ्यात होमगार्ड होते, तेवढाच माझा खाकीशी संबंध. हे लोक नक्की करतात काय? उद्या उचलून परदेशी युद्धावर नाही ना पाठवणार? हा दुसरा प्रश्न बायकोचा.

शेल्टरवाला काका:
वहिनींना सांगा, निर्धास्त राहा. नॅशनल गार्डला वॉशिंग्टन बोलावू शकतं, आपल्याला नाही. फेडरल कायद्यातच तसं लिहिलंय. आपला मालक टेक्सासचा गव्हर्नर, राजधानी ऑस्टिनमधला.

मी हार्वे चक्रीवादळाच्या वेळी ड्युटीवर होतो, २०१७ला. सिनेमातल्यासारखं काही नसतं हो. बसमधून माणसं उतरतात, ओली, वैतागलेली. प्रत्येकाच्या मनगटाला बारकोडचा पट्टा बांधायचा, स्कॅन करायचा, म्हणजे आई एका बसमध्ये आणि पोरगं दुसऱ्या, तरी शोधता येतं. मग खाटा मांडा, डायपर वाटा, कुत्र्याशिवाय आत यायला तयार नसलेल्या आजोबांची समजूत काढा. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो स्पॅनिश येणाऱ्यांचा. तुम्हाला येतं का? नियमित ड्रिलचे पैसे मिळत नाहीत. राज्याने ड्युटीवर बोलावलं तरच मिळतात.

जुनी_फाईल:
१९४०पासून नॅशनल गार्डला फेडरल सेवेत ओढलं, राज्यं उघडी पडली, म्हणून १९४१मध्ये टेक्सास डिफेन्स गार्ड उभं राहिलं. १९४३मध्ये त्याचंच स्टेट गार्ड झालं. होमगार्ड मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६चे, मोरारजीभाईंच्या काळातले. म्हणजे बाबांची संघटना धाकटी!

ऑस्टिनची मावशी:
काका, गोड बाजूच सांगताय. गव्हर्नर मालक, म्हणजे तो म्हणेल ते काम. ऑपरेशन लोन स्टारमध्ये, म्हणजे घुसखोरी रोखायच्या राज्याच्या मोहिमेत, मेक्सिकोच्या सीमेवरही स्टेट गार्डची माणसं होतीच की. मला ते पटलं नाही, म्हणून मी रेड क्रॉसमध्ये गेले. तिथेही खाटाच मांडते.

शेल्टरवाला काका:
मावशी, मुद्दा मान्य. केटीकर, हे शपथ घेण्याआधीच ठरवा. गणवेश घातल्यावर ‘हे जमेल, ते नाही’ चालत नाही.

केटीकर:
स्पॅनिश मोडकंतोडकं येतं. आणि कंपनीने कटकट केली तर?

जुनी_फाईल:
अधिकृत ड्युटीसाठी गेलात म्हणून कामावरून काढता येत नाही, टेक्सासचा कायदा आहे. ऑर्डरची प्रत मात्र एचआरला आधी द्या.