परसातल्या सफरचंदांची हार्ड सायडर (रस आंबवून केलेलं मद्य): यीस्ट आणि बाटल्यांबद्दल

प्रश्न:
झाडाची २० किलोच्या आसपास सफरचंदं उतरवली आहेत. प्रेस नाही, मिक्सर आणि मलमलचं कापड आहे. रस उकळून घ्यावा का? यीस्ट बाहेरून घालावं की सालीवरचं पुरतं? फसफसणारी सायडर हवी आहे, पण बाटल्या फुटायची भीती वाटते.

प्रतिसाद १:
रस उकळू नका. उकळल्याने पेक्टिनमुळे (फळातला घट्टपणा आणणारा घटक) सायडर गढूळ राहते, चवही शिजलेल्या फळाची येते. फळं लगेच वाटू नका. अंगठ्याने दाबल्यावर किंचित खळगा पडेपर्यंत ठेवा, तोवर उरलेल्या स्टार्चची साखर होते. कुजलेलं फळ सरळ टाकून द्या, त्यात पॅट्युलिन हे बुरशीचं विष असू शकतं. फोडी गोठवून वितळवल्या की कापडातूनही रस भरपूर सुटतो. २० किलोतून ८ ते १० लिटर धरा.

रानटी यीस्ट आणि जंतू दबावेत म्हणून १० लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (सल्फाइट) घाला, २४ तास थांबा, मगच यीस्ट. यीस्ट त्याआधी घातलंत तर तेही दबेल. रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका रस आंबट) ३.८ च्या वर असेल तर एवढ्या सल्फाइटने भागत नाही. आधी सफरचंदात असतं तेच मॅलिक अ‍ॅसिड घालून तो खाली आणा.

प्रतिसाद २:
सालीवरच्या यीस्टने छान सायडर होते, पण भरवसा नाही. पहिल्याच खेपेला पाकिटातलं सायडरचं किंवा शॅम्पेनचं यीस्ट घ्या. तापमान १५ ते १८ अंश ठेवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर यीस्टला नायट्रोजन कमी पडतोय. आंबणं ऐन जोरात असतानाच यीस्टचं खाद्य द्या, शेवटी देऊन उपयोग नाही. जोर ओसरला की भांडं गळ्यापर्यंत भरलेलं हवं. वर मोकळी हवा राहिली की व्हिनेगरची सुरुवात झालीच म्हणून समजा.

प्रश्नकर्ता:
एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) बुडबुडे थांबले की बाटल्या भरू का?

प्रतिसाद ३:
नाही! नुसत्या गारव्यानेही बुडबुडे थांबतात. हायड्रोमीटरच बघा, म्हणजे रसाची घनता दाखवणारी तरंगती नळी. पाण्याचा आकडा १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा वर. त्याला वायूचे बुडबुडे चिकटले तर तो वर उचलला जातो आणि आकडा चुकतो, म्हणून बोटांनी गर्रकन फिरवून मग वाचा. १.००० किंवा त्याखालचा आकडा आठवडाभर हलला नाही तरच भरा. १.०१० वर भरलीत तर लिटरमागे २० ग्रॅमहून जास्त साखर आत राहते, आणि बाटल्या फुटतात त्या यानेच. सुरुवातीला १.०५० असेल तर शेवटी साधारण साडेसहा टक्के अल्कोहोल मिळतं.

फसफस येण्यासाठी भरताना लिटरला ६ ग्रॅम साखर पुरे, १० लिटरला ६० ग्रॅम. पाण्यात विरघळवून सगळ्या सायडरमध्ये एकजीव करा. बाटलीत चमच्याने घातली की प्रमाण कमीजास्त होतं. बाटल्या बियरच्या किंवा शॅम्पेनच्याच घ्या, साध्या वाइनच्या नकोत. आतला दाब कळायला एक प्लास्टिकची सोड्याची बाटलीही भरा. ती दाबून दबेनाशी झाली की बाकीच्या फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही.