‘मोबाईल आला, दलाल गेला’ – हे अजून किती वर्षं ऐकवणार?

निफाडकर

दोन दिवसांपासून आमच्या सगळ्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. थोडक्यात अशी: केरळच्या मच्छीमारांनी १९९७ नंतर समुद्रातूनच फोन लावून भाव विचारायला सुरुवात केली, दलाल संपले, मासळी वाया जायची थांबली. आणि शेवटी टोमणा: ‘आपल्या शेतकऱ्याच्या हातात तर स्मार्टफोन आहे, तरी हा कर्जमाफीच मागतो.’ दोनदा सोडून दिलं. तिसऱ्यांदा ती माझ्या सख्ख्या भाच्याने पाठवली, म्हणून लिहायला बसलो.

त्या पोस्टमागचा अभ्यास अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा, २००७ सालचा. मासळीपुरता मला मान्य आहे. पण हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रात तपासून झालाय, ते या पोस्टवाल्यांना कुणी सांगत नाही. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी आपल्याकडची १०० गावं घेतली. काही गावांतल्या शेतकऱ्यांना रॉयटर्स मार्केट लाइटची एसएमएस सेवा वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही. बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला, सगळं मोबाईलवर. कांदा, टोमॅटो, डाळिंब, सोयाबीन, गहू ही पिकं. २०१२ साली निष्कर्ष छापून आले: शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सरासरीने दखल घ्यावी असा फरक नाही. पावसाने होणाऱ्या नुकसानीतही नाही.

मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडे कांद्याचा लिलाव कसा होतो ते सांगतो. ट्रॅक्टर रांगेत. व्यापारी ट्रॉलीपाशी येतो, वरचे चार कांदे उचलून दाबून बघतो, पुकारा होतो, मिनिटभरात सौदा. चिठ्ठी हातात. मग काट्यावर वजन, मग त्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात, ट्रॉली खाली करायची. अर्धी रिकामी झाली की त्याचा माणूस म्हणतो, खाली गोल्टी (बारीक कांदा) निघाली, माल ओला आहे, क्विंटलमागे शंभर कमी करा. याला आम्ही वांधा म्हणतो. माझ्या खिशातल्या फोनवर त्या वेळी पिंपळगावचा भाव असतो, लासलगावचा असतो, येवल्याचाही असतो. त्याचं करू काय? अर्धी ट्रॉली पुन्हा भरून पंचवीस किलोमीटर नेऊ?

आणि ७ डिसेंबर २०२३ ला कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा बातमी मला दिल्लीवाल्यांइतकीच लवकर कळली होती. लिलाव बंद पडले. सुरू झाले तेव्हा माझ्या कांद्याला आठवड्यापूर्वीपेक्षा क्विंटलमागे हजाराहून जास्त कमी मिळाले. माहिती पोचली होती, साहेब. माहितीचा तुटवडा नव्हताच.

आकडेमोड

निफाडकर, भाच्यावरचा राग अभ्यासावर काढू नका. ‘दलाल संपले’ हे जेन्सन कुठेच म्हणत नाहीत. ते पोस्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं आहे.

त्यांनी काय केलं ते तरी नीट सांगा. उत्तर केरळातल्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टॉवर टप्प्याटप्प्याने उभे राहिले, आधी एका भागात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्यामुळे टॉवर आलेला किनारा आणि न आलेला किनारा यांची तुलना करता आली. १५ बाजार, ३०० नावा, आठवड्या-आठवड्याची नोंद. टॉवर यायच्या आधी जवळजवळ प्रत्येक नाव आपल्याच गावच्या किनाऱ्यावर माल उतरवायची. जानेवारी १९९७ मधल्या एका सकाळी वडकरा किनाऱ्यावर ११ जणांनी गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून दिली, आणि त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आत लोक मासळी न मिळाल्यामुळे परत निघाले होते. फोन आल्यावर हे थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त पडली. दोघांचाही फायदा एकाच वेळी, असं अर्थशास्त्रात फार क्वचित नीट मोजून दाखवता येतं. म्हणून तो अभ्यास जगभर शिकवतात.

जेन्सन यांच्या अभ्यासातली तारली मासळी काही तासांत खराब होते. कांदा साठवणीच्या चाळीत चार महिने टिकतो. दोन्हींना एकच तराजू लावणारी पोस्ट चूक, हे मान्य. पण अभ्यासच फोल हे अमान्य.

दर्यावर्दी

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर वाढलो, म्हणून बोलतो.

माझ्या चुलत्यांच्या हातात २००४ पासून फोन होता. वरच्या बंदरात बांगड्याला भाव आहे हे समुद्रातून कळायचं. नाव मात्र रत्नागिरीलाच. का? डिझेल व्यापाऱ्याचं, बर्फ त्याचा, जाळं दुरुस्तीला पैसे त्याचे. हंगामाच्या आधी ज्या व्यापाऱ्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली, माल त्यालाच घालायचा, त्याने लावलेल्या भावाने. एकदा काकांनी जयगडला माल उतरवला. पुढच्या खेपेला बर्फ मिळाला नाही. खलाशांना घेऊन तीन दिवस जेट्टीवर बसून राहिले. मी तेव्हा दहावीत होतो, डबा घेऊन जायचो.

आकडेमोड, केरळातही हेच निघालं. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल पुन्हा त्याच भागात गेल्या, २०१३ मध्ये त्यांचं लिखाण आलं. कुणाची नाव मोठी, कुणाची उचल कुणाकडे, यावर कोण बाजार बदलू शकतो ते ठरतं. फोन सगळ्यांकडे आहे, पण सगळ्यांना तो सारखा उपयोगी नाही. तुमच्या ३०० नावांच्या सरासरीत माझे काका कुठे बसतात ते सांगा.

आकडेमोड

सरासरीत एकटा माणूस दिसत नाही, ते सरासरीचं कामच नाही. पण एका काकांवरून अख्ख्या किनाऱ्याचा निष्कर्ष काढायचा, हेही बरोबर नाही.

तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो, कारण तो आहे. पश्चिम बंगालमध्ये दिलीप मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी बटाटा उत्पादकांना रोजचे भाव कळवले. मिळालेल्या किमतीत सरासरी फरक पडला नाही. कारण तिथला लहान शेतकरी मोठ्या बाजारात थेट विकूच शकत नाही, गावातल्या व्यापाऱ्यालाच देतो. म्हणजे उचल आणि वांधा हे मुद्दे अभ्यासकांना माहीत आहेत. संशोधनाला शिव्या देताना संशोधनानेच काढलेले निष्कर्ष वापरताय, एवढं लक्षात ठेवा.

निफाडकर

शिव्या कुणी दिल्या? मी पोस्टला दिल्या.

सोनसळा

एक प्रश्न. ते एसएमएस कुणाच्या फोनवर जात होते?

आमच्या घरी कांद्याची निवड मी आणि सासूबाई करतो. गोल्टी वेगळी, त्याहून बारीक चिंगळी वेगळी, सडका बाजूला. प्रतवारीचा सल्ला आला तर तो ह्यांच्या फोनवर यायचा, आणि ते दिवसभर बाहेर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या बायका देशभरात ५४ टक्के निघाल्या. ‘शेतकऱ्याच्या हातात फोन’ म्हणताना हात कुणाचा, हे या धाग्यात अजून एकानेही विचारलेलं नाही.

निफाडकर

हे खरं आहे, ताई. माझ्या घरीही तसंच आहे.

घंटी

तुम्ही भावाचं बोलताय, आधी फोन लागतो का ते बोला. माझी आई ८१ वर्षांची, संगमेश्वरजवळ वाडीवर एकटी राहते. साधा बटणांचा फोन. तिला नेट नको, व्हिडिओ नको. मी फोन केला की उचलायचा, एवढंच. पूर्वी एकदा पैसे भरले की येणारे कॉल वर्षानुवर्षं सुरू राहायचे. आता रिचार्ज संपून काही दिवस झाले की येणारा कॉलही बंद. गेल्या पावसाळ्यात माझा रिचार्ज चुकला, सहा दिवस तिला फोन लागला नाही, शेवटी शेजाऱ्यांना सांगून माणूस पाठवला. ती दारात बसून होती, मुलगा रागावलाय म्हणून. कंपनीच्या माणसाला विचारलं तर म्हणे, धोरण आहे. आणि महिना २८ दिवसांचा! वर्षाला १३ रिचार्ज. याच्यावर कुणाचा अभ्यास आहे का?

आकडेमोड

काका, विषय वेगळा होतोय, तरी सांगतो. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी केंद्रातले दूरसंचार मंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांच्या घरात दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत होते. येणारा कॉल फुकट झाला तो २००३ मध्ये. ‘पूर्वी’ म्हणजे नेमकं कधी? आज त्या १६ रुपयांत काय काय मिळतं ते बघा. ही स्पर्धेची कमाई आहे.

घंटी

मला १९९५ शिकवू नका. मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं नोकरी केली, ट्रंक कॉल जोडलेत. येणारा कॉल कधी फुकट झाला ते तुमच्या जन्माआधीपासून मला माहीत आहे.

आणि स्पर्धा कुठे राहिली? २०१० च्या आसपास एकेका सर्कलमध्ये (दूरसंचार विभागात) दहा-बारा कंपन्या होत्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, त्यात काही गेल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ फुकट घेऊन उतरली, त्यात बाकीच्या गेल्या. एअरसेल गेली, टाटांनी आवरलं, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. आता मोजून तीन खासगी आणि एक सरकारी. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४ – तिन्ही वेळा तिन्ही खासगी कंपन्यांनी मागेपुढे काही दिवसांत दर वाढवले. ही कसली स्पर्धा?

आकडेमोड

माझ्या जन्माचा इथे काही संबंध नाही. २००३ मध्ये मी चौथीत होतो, आणि बाबा परगावी असायचे म्हणून आमच्या घरीही फोन आला तो येणारा कॉल फुकट झाल्यावरच. तेव्हा तो काय होता हे मलाही ठाऊक आहे.

कंपन्या कमी झाल्या आणि दर वाढले हे नाकारत नाही. पण टॉवर, फायबर, स्पेक्ट्रमचे लिलाव हे सगळं दहा-बारा कंपन्यांना पेलणारं नव्हतंच.

दर्यावर्दी

घंटी काकांच्या बाजूने मला बोलायचंय. येणाऱ्या कॉलची किंमत कळायची असेल तर मिस कॉल आठवा. काकूचं ठरलेलं होतं: एक रिंग म्हणजे नाव बंदरात लागली, दोन म्हणजे उशीर होणार, जेवण झाकून ठेव. एक पैसा न घालवता घर चालायचं. यावर जॉनथन डोनर यांचा २००७ चा छान अभ्यास आहे, आफ्रिकेतल्या लोकांचा. कुणी कुणाला मिस कॉल द्यायचा, पैसेवाल्याने परत फोन करायचा, याचे त्यांनी नियम मांडलेत. सगळे नियम काकूला पाठ होते. आणि कंपन्यांच्या हिशोबात तो ग्राहक म्हणजे नुसता बोजा. येणारा कॉल बंद करण्याची मुळं तिथे आहेत. दुसऱ्या कंपनीचा कॉल उचलला की पूर्वी कंपनीला पैसे मिळायचे, १४ पैसे मिनिटाला. २०१७ ला ६ झाले, २०२१ पासून शून्य. म्हातारीचा फोन नुसता वाजत राहण्यात कंपनीचा फायदा उरला नाही.

आकडेमोड

हे मात्र अगदी बरोबर मांडलंत. हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. ‘सगळं त्यामुळेच’ असं म्हणणार नाही, पण बरोबर आहे.

काका, कामाचं सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले, नेट नसलेले पॅक द्यायला लावलेत. जानेवारी २०२५ पासून ते आहेत. लांब मुदतीचेही आहेत. दुकानदार स्वतःहून सांगत नाही, मागावा लागतो. ३० दिवसांचा पॅक ठेवायची सक्ती २०२२ पासूनच आहे.

घंटी

बघतो. तरी आठ-आठ महिने पैसे न भरता वाजणारा फोन तो नव्हेच.

निफाडकर

धागा कांद्यावरून रिचार्जवर गेला, तरी असू दे. आईंचं वाचून बरं वाटलं नाही.

आकडेमोड, एक कबूल करतो, कारण उद्या तुम्ही तेच काढाल. फोनचा मला फायदा झालाय, भावासाठी नाही. निघण्याआधी मी बाजारात एकाला फोन करतो: आवक किती, ट्रॅक्टर कुठपर्यंत लागलेत. सहाशे म्हणाला तर त्या दिवशी भरतच नाही. पूर्वी रात्रभर रांगेत ट्रॉलीवर झोपायचो. ही बचत मोठी आहे. ती कुठल्याही अभ्यासात भावाच्या रकान्यात दिसणार नाही.

आकडेमोड

फाफशाँ-मिंटेनना थोडा परिणाम दिसला तो यातच: माल कुठे विकायचा, प्रतवारी कशी करायची. लहान आहे, पण आहे. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये तो गाळलात.

निफाडकर

गाळला, कारण त्यातून पट्टीवरचा, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीवरचा, आकडा बदलला नाही. पट्टी बदलायची असेल तर खळ्यावर वांध्याच्या वेळी बाजार समितीचा माणूस उभा पाहिजे. तो माणूस फोनवरून येत नाही. मी तीनदा लावून पाहिलाय.