'व्यसनाधीन', 'नशेत', 'अंमलाखाली': कायद्यात फरक काय?

चौपाटीकर: 'व्यसनाधीन' या शब्दातच 'अधीन' आहे. मग असा माणूस रस्त्यात पिऊन गोंधळ घालतो, तो स्वेच्छेने कसा? त्याला सूट का नाही?

नायगावकर: व्यसन वर्षानुवर्षांचं, नशा त्या घटकेची. भारतीय न्याय संहितेचं कलम 23 (जुन्या भारतीय दंड संहितेचं, म्हणजे भादंविचं 85) नशेबद्दल बोलतं. आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळण्याची ताकदच गेलेली हवी, शिवाय तो पदार्थ नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिलेला हवा. सरबतात कुणी गुंगीचं औषध मिसळलं तर हे लागू. क्वार्टर स्वतः विकत घेतली तर नाही.

चौपाटीकर: अनावर तलफ 'इच्छेविरुद्ध'मध्ये बसत नाही?

नायगावकर: नाही. तिथलं क्रियापद 'देणं' आहे, 'पिणं' नव्हे. देणारा दुसरा लागतो.

दप्तरी: रस्त्यातल्या गोंधळाचं, म्हणजे नशेत गैरवर्तनाचं, न्याय संहितेतलं कलम 355 तर 'नशेत सापडला' एवढ्यावर लागतच नाही. सार्वजनिक जागा (किंवा जिथे शिरणं हेच अतिक्रमण ठरेल अशी जागा), नशा आणि कुणाला तरी त्रास होईल असं वर्तन, तिन्ही हवं. शिक्षा 24 तासांपर्यंत साधी कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर सामुदायिक सेवा. (भादंविच्या जुन्या 510 मध्ये दंड 10 रुपये होता!) दादरच्या फलाटावर मात्र रेल्वे अधिनियमाचं 145 येतं, तिथे नुसतं नशेत असणं पुरतं.

'अंमलाखाली' हा शब्द फिर्यादीत फार सैल वापरतात. 'तोंडास उग्र वास, डोळे लाल' लिहून थांबलं तर प्यायल्याचा संशय दिसतो, नशा दिसत नाही. तोल, चाल, अडखळतं बोलणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं नोंदवावं लागतं. 100 मिलि रक्तात 30 मिग्रॅ ही मर्यादा वाहनचालकांची. ती 355 ला चिकटवू नये.

चौपाटीकर: म्हणजे 'व्यसनी' शब्दाला कुठेच वजन नाही?

नायगावकर: आहे, पण दारूसाठी नाही. 1985 च्या गुंगीकारक औषधिद्रव्यांच्या कायद्यात कलम 64-क आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर खटल्यापासून संरक्षण. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.

दप्तरी: आणखी एक घोळ. दारू एकदम बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, भास होतात. ती नशा नव्हे, उलट दारू उतरल्यानंतरची अवस्था. तिथे मनोविकलतेमुळे सूट देणारं कलम 22 तपासायचं. बचावाच्या अर्जात 'नशेत होता' असं लिहिलं, की प्रकरण आपल्याच हाताने 23 मध्ये ढकललं.